पोरगं कॅनडात, पैसा ‘ईटीएफ’मध्ये : तिथला ईटीएफ निवडताना नेमकं काय बघायचं?

कॅनडात शिकायला गेलेली आपल्या भागातली मुलं-मुली आता तिथं नोकरीला लागली आहेत. पहिली काही वर्षं खोलीभाडं, फी आणि इकडच्या कर्जाचे हप्ते यातच जातात. पुढं हातात थोडे डॉलर राहू लागले की व्हॉट्सअॅप कॉलवर एक नवा शब्द ऐकू येतो : ईटीएफ. इकडं आई-वडिलांना वाटतं, हे शेअर बाजाराचं लफडं तर नाही? आणि तिकडं पोरालाही रूम पार्टनरनं सांगितलं म्हणून घेतलेलं असतं, फार काही माहीत नसतं. दोन्हीकडच्यांना उपयोगी पडेल अशी ही माहिती आहे. लिंक मुलांना पाठवली तरी चालेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे सगळं कॅनडात राहणाऱ्या, तिथं कर भरणाऱ्या माणसासाठी आहे. तिथले ऑनलाइन ब्रोकर कॅनडाच्या रहिवाशांची खाती उघडतात. गावात बसून ‘कॅनडाचा ईटीएफ घेऊन देतो, महिन्याला इतके टक्के’ असं कुणी म्हणत असेल तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

ईटीएफ म्हणजे काय?

ईटीएफ म्हणजे एक्स्चेंज ट्रेडेड फंड. म्युच्युअल फंडासारखीच ही एक पिशवी असते, तिच्यात शेकडो किंवा हजारो कंपन्यांचे शेअर असतात. फरक इतकाच की या पिशवीचं युनिट शेअरसारखं बाजारात दिवसभर विकत घेता आणि विकता येतं. बहुतेक चांगले ईटीएफ कुठला शेअर वर जाईल याचा अंदाज बांधत बसत नाहीत. निर्देशांकात जे आहे तेच, त्याच प्रमाणात घेऊन ठेवतात. म्हणून त्यांचा खर्च कमी.

ही कल्पना कॅनडाला परकी नाही. जगातला पहिला यशस्वी ईटीएफ ९ मार्च १९९० रोजी टोरांटोच्या शेअर बाजारातच सुरू झाला. अमेरिकेत तो १९९३ मध्ये आला आणि आपल्याकडं ‘निफ्टी बीज’च्या रूपानं २००१ च्या डिसेंबरात.

आधी कर्ज आणि तारीख

‘कोणता ईटीएफ घेऊ?’ हा खरं तर तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न : डोक्यावर कर्ज किती, आणि हा पैसा परत कधी लागणार?

इकडं बँकेत घर किंवा जमीन तारण ठेवून १०-११ टक्क्यांनी शैक्षणिक कर्ज काढलेलं असेल, तर ते फेडणं म्हणजे तितके टक्के खात्रीनं वाचवणं. बाजार एखाद्या वर्षी त्याहून जास्त देईलही, पण खात्री कोण देणार? क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर विचारायलाच नको, तिथं कार्डाचं व्याज २० टक्क्यांच्या घरात असतं. आमच्या मते सातबाऱ्यावर बोजा असताना मुलानं दर महिन्याला ईटीएफ घेत राहणं हा उलटा हिशेब आहे. अपवाद एकच. कंपनी आरआरएसपीमध्ये स्वतःची भर घालत असेल, तर ती भर मिळेल इतका आपला वाटा आधी भरावा. तो सोडला तर फुकटचा पैसा सुटतो.

त्यानंतर तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा. नोकरी गेली, परमिटचं काम लांबलं, अचानक तिकीट काढून गावी यावं लागलं तर हाच पैसा कामाला येतो. तो ईटीएफमध्ये नको, बचत खात्यात किंवा जीआयसीमध्ये हवा. जीआयसी हा शब्द पालकांना चांगलाच पाठ आहे, कारण व्हिसासाठी दाखवायची रक्कम बहुतेकांनी त्यातच भरली (१ जानेवारी २०२४ पासून ती अट २०,६३५ डॉलर होती, १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५). जीआयसी म्हणजे तिथली एफडी. तिथल्या ठेव विमा महामंडळाच्या सदस्य बँकेत तिला १ लाख डॉलरपर्यंत संरक्षण आहे. ईटीएफला असं संरक्षण नाही. ब्रोकर कंपनीच बुडाली तर वेगळा संरक्षण निधी आहे, पण बाजार पडला तर तोटा आपलाच.

तो किती पडू शकतो? जून २००८ मध्ये टोरांटोचा निर्देशांक १५,००० च्या वर होता. मार्च २००९ मध्ये तो ७,६०० च्याही खाली गेला. नऊ महिन्यांत निम्मा. पुढं तो सावरला, पण त्या काळात बहिणीच्या लग्नासाठी पैसे काढावे लागलेल्या माणसाला ‘पुढं’ हा शब्द काय कामाचा? दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा शेअरच्या ईटीएफमध्ये घालू नये.

कोणत्या खात्यात?

एकच ईटीएफ वेगवेगळ्या खात्यांत ठेवता येतो, आणि कर खात्यावर ठरतो.

टीएफएसए हे सगळ्यात सोयीचं. त्यात वाढलेल्या पैशावर कॅनडाचा कर नाही, काढतानाही नाही. २०२४ आणि २०२५ साठी वर्षाची मर्यादा ७,००० डॉलर होती. इथं नव्या मुलांची एक हमखास गफलत होते. २००९ पासून तिथं राहिलेल्या माणसाची एकूण मर्यादा २०२५ मध्ये १,०२,००० डॉलर झाली होती, आणि मुलं तोच आकडा स्वतःचा समजतात. आपली मर्यादा आपण कॅनडाचे कर-रहिवासी झालो त्या वर्षापासून मोजायची. २०२३ मध्ये गेलेल्या, १८ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाची २०२५ अखेर ती ६,५०० अधिक ७,००० अधिक ७,०००, म्हणजे २०,५०० डॉलर होते. जास्त भरलं तर जादा रकमेवर दर महिन्याला १ टक्का दंड. शिवाय यंदा काढलेली रक्कम परत भरायची जागा पुढच्या जानेवारीतच मिळते.

आरआरएसपी हे निवृत्तीचं खातं. भरलेली रक्कम उत्पन्नातून वजा होते, काढताना कर लागतो. पगार कमी असताना त्याचा फायदा थोडाच, म्हणून सुरुवातीला टीएफएसए बरं.

घर घ्यायचं असेल तर २०२३ मध्ये सुरू झालेलं एफएचएसए बघावं. वर्षाला ८,००० डॉलर, आयुष्यात एकूण ४०,०००. भरताना करात वजावट आणि पहिल्या घरासाठी काढताना करमुक्त. पण ‘पहिलं घर’ ठरवताना कॅनडाबाहेरचं घरही बघितलं जातं. गावाकडच्या घराच्या उताऱ्यावर मुलाचं नाव असेल आणि तो अलीकडच्या चार-पाच वर्षांत मालक म्हणून त्याच घरात राहिला असेल, तर खातं उघडण्याआधी तिथल्या कर सल्लागाराला विचारून घ्यावं.

आता निवड

सुरुवात करणाऱ्यासाठी कॅनडात एक फार सोपी सोय आहे : एकाच युनिटात सगळं. व्हॅनगार्डनं असे ईटीएफ २०१८ मध्ये आणले, मग आयशेअर्स, बीएमओ यांनीही आणले. एका युनिटात कॅनडा, अमेरिका, युरोप, जपान आणि भारतासारखे देश मिळून हजारो कंपन्यांचा तुकडा येतो. प्रमाण बिघडलं तर फंड स्वतःच नीट करतो.

यातली नावं वाचायला शिकलं की निम्मं काम झालं. व्हीईक्यूटी किंवा एक्सईक्यूटी म्हणजे सगळे शेअर. व्हीजीआरओ, एक्सजीआरओ, झेडजीआरओ म्हणजे साधारण ८० टक्के शेअर आणि २० टक्के रोखे. व्हीबीएएल, एक्सबीएएल म्हणजे ६०-४०. पहिलं अक्षर कंपनीचं : व्ही म्हणजे व्हॅनगार्ड, एक्स म्हणजे आयशेअर्स, झेड म्हणजे बीएमओ. कोणत्या कंपनीचा घ्यावा यावर मुलं तासन् तास वाद घालतात. फरक किरकोळ आहे. शेअर किती आणि रोखे किती, हा निर्णय मोठा. ज्याला पोर्टफोलिओ तीस टक्क्यांनी खाली आलेला बघून रात्रभर झोप लागणार नाही, त्यानं ८०-२० किंवा ६०-४० घ्यावा. पडत्या बाजारात घाबरून विकलेला ‘सगळे शेअर’वाला फंड जितकं नुकसान करतो, तितकं जपून चालणारा फंड करत नाही.

दुसरी बघायची गोष्ट खर्च. तिथं त्याला एमईआर म्हणतात. वर सांगितलेल्या फंडांचा तो ०.२ टक्क्याच्या आसपास असतो. बँकेच्या शाखेत गेलं तर काउंटरवर विकले जाणारे म्युच्युअल फंड अनेकदा २ टक्के घेतात. आकडा छोटा दिसतो, म्हणून हिशेब मांडून बघू. महिन्याला ५०० डॉलर, २५ वर्षं. खर्च वजा जाता ६ टक्के वाढ धरली तर सुमारे ३ लाख ४६ हजार डॉलर होतात. खर्चामुळं वाढ ४.२ टक्क्यांवर आली तर २ लाख ६५ हजार. म्हणजे ८० हजारांहून जास्त डॉलर नुसते फीमध्ये. अडत किती कापली हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. तिथं ती पट्टीवर दिसते, इथं दिसत नाही, कारण रोज थोडी थोडी फंडाच्या किमतीतूनच वजा होते.

युनिटची किंमत मात्र बघू नये. ३० डॉलरचं युनिट स्वस्त आणि १५० चं महाग असं काही नसतं.

तिसरी गोष्ट पसारा. फक्त कॅनडाच्या कंपन्यांचा ईटीएफ, उदाहरणार्थ एक्सआयसी, खूप स्वस्त आहे. पण जगाच्या शेअर बाजारात कॅनडाचा वाटा साधारण ३ टक्के, आणि तिथल्या बाजारात बँका, तेल आणि खाणी यांचंच वजन. नोकरी कॅनडात, घर कॅनडात आणि सगळी बचतही कॅनडात, हे एकाच विहिरीवर सगळं रान अवलंबून ठेवल्यासारखं आहे. उलट अनेक मुलं फक्त अमेरिकेचा एस अँड पी ५०० घेतात, म्हणजे व्हीएफव्ही. वाईट नाही, पण एकाच देशावर डाव. आणि व्हीईक्यूटी घेऊन वर परत व्हीएफव्ही, वर एक तंत्रज्ञानाचा फंड, असं केलं तर तिन्हींत त्याच मोठ्या अमेरिकन कंपन्या येतात. नावं तीन, माल एकच.

चलनाचा घोळही इथंच. टोरांटोत कॅनेडियन डॉलरमध्ये मिळणारा फंड असताना न्यूयॉर्कमधला घ्यायला गेलं, तर अनेक ब्रोकर डॉलर बदलताना दीड टक्क्याच्या आसपास कापतात, आणि परत आणताना पुन्हा. अमेरिकी कंपन्यांच्या लाभांशावर अमेरिका १५ टक्के कापते. टीएफएसएमध्ये ते परत मिळत नाहीत. न्यूयॉर्कचा ईटीएफ थेट आरआरएसपीमध्ये ठेवला तर ही कपात टळते, पण थोड्या रकमेसाठी एवढी खटपट करू नये.

आता काय टाळायचं. वर्षाला १० टक्क्यांच्या आसपास दरानं दर महिन्याला पैसे देणारे ‘कव्हर्ड कॉल’ फंड सोशल मीडियावर फार चालतात. ते बाजार वर गेला तर वरची वाढ सोडून देतात आणि खाली गेला तर बऱ्यापैकी पडतात. हातात येणारी रक्कम व्याज नसते, कधी कधी आपलीच मुद्दल परत आलेली असते. दुप्पट चढ-उतार देणारे फंड दिवसाच्या हिशेबानं चालतात, ते वर्षानुवर्षं ठेवायचे नसतात. बिटकॉइनचा ईटीएफही कॅनडात २०२१ पासून आहे, पण कर्जदार घराच्या मुलानं त्याच्या नादी न लागलेलं बरं.

खरेदी करताना ‘लिमिट ऑर्डर’ टाकावी, म्हणजे ठरवल्यापेक्षा जास्त भाव लागत नाही. बाजार उघडल्यावर पहिली १५-२० मिनिटं थांबावं. तो तिथल्या सकाळी साडेनऊला उघडतो, तेव्हा आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळचे सात आणि हिवाळ्यात आठ वाजलेले असतात.

परत यायचं झालं तर

कायमचं भारतात यायचं ठरलं तर साध्या, म्हणजे करसवलत नसलेल्या खात्यातले ईटीएफ त्या दिवशी विकले असं धरून कॅनडा नफ्यावर कर लावतो, प्रत्यक्षात विकले नसले तरी. आरआरएसपी आणि टीएफएसए यातून वगळलेली आहेत. पण देश सोडल्यावर टीएफएसएमध्ये नवीन पैसे भरले तर महिन्याला १ टक्का दंड लागतो, आणि भारतात रहिवासी झाल्यावर इथला आयकर विभाग ते खातं करमुक्त मानेल असं धरून चालू नये.

मुलाच्या नावावर इकडं एफडी, म्युच्युअल फंड किंवा भाड्यानं दिलेला फ्लॅट असेल आणि कॅनडाबाहेरच्या अशा मालमत्तेची एकूण खरेदी किंमत १ लाख कॅनेडियन डॉलरच्या वर असेल, तर त्याला तिथं टी११३५ हा फॉर्म भरावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये नोंदलेला ईटीएफही यात मोजला जातो, टोरांटोतला मोजला जात नाही. घरच्यांनी मुलाच्या नावावर काही करताना त्याला नुसतं कळवलं तरी पुरे, नाहीतर त्याला पत्ताच नसतो.

शेवटचं काम वारसाचं. टीएफएसए उघडताना लाभार्थी नेमता येतो (क्विबेक प्रांतात ब्रोकरच्या खात्यावर नाही, तिथं मृत्युपत्र लागतं). लग्न झालं असेल तर जोडीदाराला ‘सक्सेसर होल्डर’ करता येतं, मग खातं तसंच पुढं चालतं. अविवाहित मुलं हा रकाना रिकामा सोडतात. तसं झालं तर इकडच्या आई-वडिलांना तिथल्या कोर्टाची कागदपत्रं करत बसावं लागतं. ब्रोकरचं नाव, खात्याचा प्रकार आणि लाभार्थी म्हणून कुणाचं नाव आहे, एवढं एका कागदावर लिहून घरच्या पासबुकांसोबत ठेवायला सांगा. पासवर्ड त्यावर लिहायचा नाही.