बंद दारांमागचे आवाज

तुरुंगवासाला आपल्याकडे गमतीनं ‘सरकारी पाहुणचार’ म्हणतात. अमेरिकन बोलीत तुरुंग म्हणजे ‘बिग हाऊस’, मोठं घर. एमजीएम कंपनीनं जून १९३० मध्ये याच नावाचा बोलपट आणला. कैद्यांचं बंड आणि फसलेलं पलायन हा पुढं अनेक चित्रपटांनी गिरवलेला साचा त्यानंच रुजवला.

ही कथा निव्वळ कल्पनेतली नव्हती. १९२९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिंटन आणि ऑबर्न तुरुंगांत, मग कॅन्सस राज्यातल्या लेव्हनवर्थ इथं पाठोपाठ बंडं झाली. दारूबंदीमुळं तुरुंग भरत होते. त्यात न्यूयॉर्कच्या १९२६ च्या बॉम्स कायद्यानं चौथ्या गंभीर गुन्ह्याला जन्मठेप सक्तीची केली. ज्याला सुटकेची आशाच नाही, त्याला आणखी शिक्षेचं भय काय दाखवणार?

लेखिका फ्रान्सिस मॅरियन यांनी कॅलिफोर्नियातला सॅन क्वेंटिन तुरुंग पाहून ही कथा लिहिली. केंट हा सुखवस्तू घरातला तरुण दारूच्या नशेत मोटार चालवतो, त्यात एकाचा जीव जातो आणि त्याला दहा वर्षांची शिक्षा होते. कोठडीत सोबतीला बुच आणि मॉर्गन हे मुरलेले कैदी. अठराशेंसाठी बांधलेल्या त्या तुरुंगात तीन हजार माणसं कोंबलेली. घाबरलेला केंट तिथं सुधारत नाही. तो खबऱ्या बनतो. बुचचा पळून जाण्याचा बेत त्यामुळं फुटतो आणि शेवटी तुरुंगात रणगाडे शिरतात.

बोलपट तेव्हा नवा होता. त्यामुळं यातले आवाज आजही अंगावर येतात. शेकडो पावलांचा एकसुरी ठेका, जेवणघरातला गोंगाट. अंधारकोठड्यांच्या प्रसंगात कॅमेरा बंद दारांसमोर खिळून राहतो. माणसं दिसत नाहीत, नुसते आवाज ऐकू येतात. मला तर सारा चित्रपट त्या दारांतच सापडतो. मॅरियन यांना या लेखनासाठी ऑस्कर मिळालं. लेखनाचं ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. ध्वनिमुद्रणाचं पहिलं ऑस्करही याच चित्रपटाला मिळालं.

पण पडद्यावरच्या भयाला वास्तवानं आधीच मागं टाकलं होतं. २१ एप्रिल १९३० रोजी, चित्रपट झळकण्याच्या दोनच महिने आधी, कोलंबस शहरातल्या ओहायो तुरुंगाला आग लागली. दीड हजारांच्या जागेत चार हजारांहून अधिक कैदी होते. कुलपं वेळेवर उघडली गेली नाहीत. ३२२ माणसं मेली, त्यातली बरीच कोठडीतच धुरानं गुदमरून.

गुन्हेगाराला शिक्षा हवीच, याबद्दल दुमत नाही. मात्र न्यायाधीश वर्षं मोजून देतो, श्वासाला लागणारी जागा कुणी मोजत नाही. बंडाची ठिणगी कैदी टाकतो. पण दारूगोळा साठतो तो बाहेरच्या आपल्या बेफिकिरीतून. माणूस आत गेला की तो आपल्याला दिसेनासा होतो. म्हणून त्याचा आवाज तरी ऐकायला हवा.