धावेची तालीम

१८ एप्रिल १९४६ची दुपार. न्यू यॉर्कला लागून असलेल्या जर्सी सिटीतले रूझवेल्ट स्टेडियम खचाखच भरले होते. पाहुण्या माँट्रियल रॉयल्स संघाकडून २७ वर्षांचा जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला होता. अमेरिकेच्या गोऱ्या व्यावसायिक बेसबॉलने जवळपास अर्धे शतक कृष्णवर्णीय खेळाडूंना दाराबाहेर ठेवले होते. ते दार त्या दिवशी किलकिले झाले. तिसऱ्या डावात रॉबिन्सनने होम रन मारला. त्या सामन्याची गोष्ट सांगणारे बहुतेक जण या फटक्यापाशी थांबतात. मला मात्र पाचवा डाव जास्त महत्त्वाचा वाटतो.

पाचव्या डावात त्याने चेंडू मारलाच नाही. बॅट आडवी धरून नुसता टेकवला आणि क्षेत्ररक्षक पुढे येईपर्यंत पहिला बेस गाठला. या टेकवण्याला ‘बंट’ म्हणतात. मग त्याने दुसरा बेस चोरला. सहकाऱ्याच्या फटक्यावर तिसऱ्यावर पोचला. तिथून तो होम प्लेटच्या दिशेने झेपावल्यासारखे करू लागला. चार-पाच पावले जायचे, थबकायचे, मागे यायचे. पिचर गोंधळला आणि चेंडू टाकण्याची सुरू केलेली क्रिया त्याने मध्येच तोडली. बेसबॉलमध्ये हा नियमभंग आहे. त्याला ‘बॉक’ म्हणतात आणि त्याच्या भरपाईत धावपटूला एक बेस फुकट मिळतो. रॉबिन्सन आरामात घरी आला. आठव्या डावात दुसऱ्या पिचरकडून त्याने हीच चूक पुन्हा करवून घेतली. रॉयल्सने सामना १४-१ असा जिंकला.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. दोन ठाण्यांमध्ये ९० फुटांचे अंतर. बॅटर होम प्लेटवरून निघतो आणि तीन बेस शिवून परत तिथेच आला की एक धाव होते. क्रिकेटमध्ये चेंडू मारला गेल्यावर धावायचे असते. इथे पहिल्या बेसवरचा माणूस चेंडू टाकला जात असतानाच दुसऱ्या बेसकडे पळू शकतो. हाच बेस चोरणे. मात्र ठाणे सोडलेले असताना क्षेत्ररक्षकाने चेंडू अंगाला लावला की तो बाद. मला यात क्रिकेटपेक्षा आपला खो-खो जास्त दिसतो. पाठलाग करणाऱ्याचा खांदा कुठे वळतोय, हे ज्याला आधी कळते तोच तिथे वाचतो.

आता हिशोब बघा. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरच्या हातात पडेपर्यंत साधारण १.३ ते १.४ सेकंद जातात. कॅचरने तो दुसऱ्या बेसवर फेकायला आणखी दोन सेकंद. म्हणजे धावपटूच्या हातात एकूण साडेतीन सेकंदही नाहीत. बेसपासून दहा-बारा फूट पुढे सरकून उभा राहिला, तरी त्याला ७८-८० फूट कापायचे असतात. इथे पायांच्या वेगाने मिळतो त्याहून जास्त फायदा नजरेने मिळतो. उजव्या हाताचा पिचर बॅटरकडे चेंडू टाकणार असेल तर त्याचा पुढचा, म्हणजे डावा पाय आधी उचलला जातो. पहिल्या बेसकडे वळून धावपटूला पकडायचे असेल तर मागची टाच आधी हलते. ही टाच वाचता आली की दोन दशांश सेकंद खिशात पडतात. पिचरला ती वाचू न देण्याची युक्ती करावी लागते, आणि ती युक्ती ओळखायला धावपटूला अजून बारीक बघावे लागते.

हे बघणे शिकवावे लागते. माझा मुद्दा इथेच आहे. रॉबिन्सनसारख्या खेळाडूंच्या धावण्याला अमेरिकेत वर्षानुवर्षे ‘उपजत’ म्हटले गेले. गोरा खेळाडू हुशार, मेहनती, डोकेबाज. काळा खेळाडू मात्र चपळ, निसर्गदत्त, जन्मजात. ऐकायला ही स्तुती वाटते. पण ज्याच्याकडे जे आहे ते जन्माने आले असे म्हटले, की त्याला शिकवणारे उस्ताद हिशोबातून गायब होतात आणि त्याची स्वतःची अक्कलही. रॉबिन्सनच्या अंगात वेग होता, हे कोण नाकारेल? त्याचा थोरला भाऊ मॅक १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटरच्या शर्यतीत जेसी ओवेन्सच्या मागोमाग दुसरा आला होता. पण वेग घेऊन पिचरला बॉक करायला लावता येत नाही. त्यासाठी पिचर काय विचार करतोय हे कळावे लागते.

गंमत म्हणजे रॉबिन्सनला करारबद्ध करणारे ब्रुकलिन डॉजर्सचे ब्रँच रिकी यांना हे चांगलेच ठाऊक होते. १९१०च्या दशकात सेंट लुईसमध्ये प्रशिक्षक असताना त्यांनी खेळाडूंना घसरत बेस गाठण्याचा सराव मिळावा म्हणून वाळूचे खड्डे खणून घेतले होते आणि फळ्यावर आकृत्या काढून ते शिकवत होते. त्यावर लोक हसले, असे सांगतात. नंतर ते खड्डे सगळीकडे झाले.

पण रॉबिन्सन ज्या परंपरेतून आला, तिची शाळा वेगळी होती. तिचे थोर उस्ताद रूब फॉस्टर. टेक्सासमधल्या कॅल्व्हर्ट गावी १८७९ साली जन्मलेले फॉस्टर आधी नावाजलेले पिचर होते. १९११मध्ये त्यांनी शिकागो अमेरिकन जायंट्स हा संघ उभा केला. १३ फेब्रुवारी १९२० रोजी कॅन्सस सिटीच्या वायएमसीएत कृष्णवर्णीय संघमालकांना बसवून त्यांनी निग्रो नॅशनल लीग स्थापन केली. फॉस्टर संघटक म्हणून इतिहासात आहेत, पण मला त्यांच्यातला शिक्षक जास्त आवडतो. सरावाच्या वेळी ते बाजूच्या रेषेजवळ आपली टोपी ठेवत आणि खेळाडूंना त्या टोपीत बंट टेकवायला लावत. घसरण्याऐवजी उभ्याने बाद होणाऱ्याला पाच डॉलर दंड. बाकावर बसून पाइपच्या धुराने ते खुणा करत, असेही सांगितले जाते. धुराचे खरेखोटे जाऊ द्या. त्यांच्या संघातल्या प्रत्येकाला पुढच्या चेंडूवर बाकीचे काय करणार आहेत हे माहीत असे, एवढे खरे. १९२१मध्ये इंडियानापोलिस एबीसीजविरुद्ध हा संघ फार मोठ्या पिछाडीवर पडला. फॉस्टरनी बंटमागून बंट करवले, धावपटूंना पळत ठेवले, आणि सामना १८-१८ असा बरोबरीत सुटला.

आपल्याकडे ‘तालीम’ म्हटले की लाल माती आणि जोर-बैठका डोळ्यांपुढे येतात. उर्दूत तोच शब्द शिक्षणासाठी आहे. फॉस्टर यांच्या मैदानात या दोन अर्थांत फारसा फरक राहिला नव्हता.

त्याच वेळी गोऱ्या मेजर लीगमध्ये वारे उलट्या दिशेने वाहू लागले होते. १९२०मध्ये बेब रूथने एका हंगामात ५४ होम रन मारले आणि जो तो लांब फटक्याच्या मागे लागला. कुणीतरी चेंडू कुंपणाबाहेर मारणारच असेल तर बेस चोरताना बाद होण्याचा धोका कशाला घ्यायचा? १९१५मध्ये टाय कॉबने ९६ बेस चोरले होते. १९५०मध्ये अमेरिकन लीगमध्ये पहिला आलेल्या डॉम डिमॅजिओचा आकडा होता १५! निग्रो लीगमध्येही जॉश गिब्सनसारखे होम रनचे बादशहा होते. पण तिथे फटका आला म्हणून धाव गेली नाही. खेळाडू याला ‘ट्रिकी बेसबॉल’ म्हणत. बसमधून गावोगाव फिरायचे, मिळेल त्या मैदानावर खेळायचे, कधी एका दिवसात दोन-तीन सामने. अशा खेळात एकेक बेस मिळवण्याची कला मरत नाही.

या कलेचा सर्वांत मोठा मानकरी जेम्स बेल, सगळ्या जगाला ‘कूल पापा’ म्हणून माहीत असलेला. जन्म १९०३, मिसिसिपीतल्या स्टार्कव्हिलजवळचा. १९२२मध्ये तो सेंट लुईस स्टार्समध्ये पिचर म्हणून आला. ‘पापा’ हे शेपूट लावणारे व्यवस्थापक बिल गेटवूड स्वतः फॉस्टर यांच्या संघातून खेळलेले. बेल पुढे पिचिंग सोडून सेंटर फील्डला गेला आणि दोन्ही हातांनी बॅटिंग शिकला. डावखुरा बॅटर पहिल्या बेसच्या एक-दोन पावले जवळ उभा असतो. तेवढ्यासाठी ही मेहनत! त्याच्या वेगाबद्दल सॅचेल पेजने एक किस्सा अजरामर केला. बेल दिवा बंद करतो आणि खोलीत अंधार व्हायच्या आत अंथरुणात असतो. लोकांना हा किस्सा पाठ आहे. त्या खोलीतले बटण बिघडलेले होते, हा बेलचा खुलासा मात्र कमी लोकांना माहीत असतो. बटण बिघडले आहे हे आधी हेरले आणि मग पेजला बोलावून खेळ दाखवला. बेसवरही तो हेच करत असे.

१९४८मधला प्रदर्शनी सामना बघा. समोर मेजर लीगचे खेळाडू, आणि बेल ४५ वर्षांचा. तो पहिल्या बेसवर असताना पेजने बंट टेकवला. चेंडू उचलायला तिसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक पुढे धावला, त्यामुळे तिसरा बेस उघडा पडला. तो झाकायला कॅचर होम प्लेट सोडून निघाला. बेल तोवर दुसरा बेस ओलांडून येतच होता. कॅचर तिसऱ्यावर आला म्हणजे घर रिकामे, हे त्याने धावता धावता ओळखले आणि कॅचरला मागे टाकून तो थेट घरी पोचला. एका बंटवर पहिल्या बेसवरून पूर्ण धाव. पंचेचाळिशीतल्या माणसाने ती पायांच्या जोरावर काढली, असे कुणी म्हणत असेल तर म्हणो.

बेलने हे ज्ञान मुठीत ठेवले नाही. १९४५मध्ये रॉबिन्सन कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून शॉर्टस्टॉपला खेळत होता आणि मेजर लीगमध्येही तीच जागा मागण्याची त्याची इच्छा होती. पुढे बेलने सांगितलेली आठवण अशी : त्याने मुद्दाम रॉबिन्सनच्या उजवीकडे चेंडू मारले, बेसवर घसरत येताना त्याच्या हाताला बगल देऊन दाखवली, आणि समजावले की तिकडे असे घसरणारे बरेच भेटतील. प्रतिस्पर्धी संघातला माणूस भर सामन्यात शिकवत होता, कारण रॉबिन्सन तिथे पडला तर मागच्या सगळ्यांसाठी दार बंद होईल अशी भीती होती. रॉबिन्सन मेजर लीगमध्ये गेला तो पहिल्या बेसवर, मग दुसऱ्या. १९४७च्या पहिल्याच हंगामात २९ बेस चोरून तो नॅशनल लीगमध्ये अव्वल ठरला. कारकिर्दीत त्याने होम प्लेट १९ वेळा चोरली. २८ सप्टेंबर १९५५ रोजी वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यातही चोरली. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता, केस पिकलेले. यँकीजचा कॅचर योगी बेरा पंचांवर तुटून पडला, आणि रॉबिन्सन बादच होता हे तो आयुष्यभर सांगत राहिला.

बेलने १९४८ नंतर मोनार्क्सच्या तरुण संघाला शिकवले. अर्नी बँक्सला हेरण्याचे श्रेय त्याला दिले जाते. स्वतः मात्र तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. १९५१मध्ये विचारणा झाली तेव्हा तो ४८ वर्षांचा होता. त्याने नकार दिला. पुढची दोन दशके सेंट लुईसच्या सिटी हॉलमध्ये त्याने आधी साफसफाईची आणि मग रात्रपाळीच्या पहारेकऱ्याची नोकरी केली.

१९६२मध्ये डॉजर्सचा मॉरी विल्स टाय कॉबचा विक्रम मोडायच्या वाटेवर होता. संघ सेंट लुईसला आला असताना बेल त्याला भेटला आणि एक साधी गोष्ट सांगितली. तू पळणार असशील तेव्हा तुझ्या बॅटरला चौकटीत जरा मागे उभे राहायला सांग. बॅट लागू नये म्हणून कॅचरलाही मागे सरकावे लागते, आणि त्याच्या फेकीला एक पाऊल जास्त पडते. विल्सला हे सुचले नव्हते, असे बेल सांगत असे. विल्सने त्या हंगामात १०४ बेस चोरले.

निग्रो लीगचे बरेच सामने कुणी नीट नोंदवलेच नाहीत, त्यामुळे बेलने एकूण किती बेस चोरले हे जुन्या वर्तमानपत्रांच्या कात्रणांतून जुळवावे लागते. १९७४मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतले. मेजर लीगने निग्रो लीगला बरोबरीचा दर्जा दिला २०२०मध्ये, आणि तिचे आकडे आपल्या वहीत उतरवून घेतले २०२४मध्ये. बेल १९९१मध्येच गेला होता. सेंट लुईसमध्ये तो ज्या रस्त्यावर राहायचा, त्या रस्त्याला आता त्याचे नाव आहे.