पाच कोसांवर मिरज

नरसोबाच्या वाडीच्या घाटाची शेवटची पायरी. कृष्णेत पाय सोडून बसा. खालच्या अंगाला पंचगंगा येऊन मिळते आहे, मागे औदुंबराखाली दत्ताच्या पादुका. आता डोळे मिटा. बासुंदी-पेढ्यांची दुकानं नाहीत, कुरुंदवाडचा पूल नाही. 1763 साल नुकतं लागलं आहे आणि पाणी बर्फासारखं गार आहे.

नदीच्या वरच्या अंगानं दबका आवाज येतो. आभाळ तर निरभ्र. पुन्हा येतो.

"काय वाजतंय हो?" होडी बांधणाऱ्या म्हाताऱ्याला तुम्ही विचारता.

"तोफा हैत, पावनं. दादासायबांनी मिरजंला येढा घातलाय."

"आणि पेशवे?"

"त्ये त्येंच्याच ताब्यात हैत न्हवं!" दोराची गाठ आवळत तो म्हणतो. "चुलत्या-पुतण्याचं भांडान, आनि गोळं पटवर्धनांवर."

तुम्ही 'स्वामी' वाचलेली आहे. माधवराव पेशव्यांवरची कोवाडच्या रणजित देसाईंची ही कादंबरी 1962 साली आली, आळेगावच्या प्रसंगाला बरोबर दोनशे वर्षं झाली तेव्हा. ती मिटल्यावर बहुतेकांच्या मनात माधवरावांचा शेवट झाला ते थेऊर राहतं, त्यांच्या पत्नी रमाबाई राहतात. या पायरीवर मात्र आळेगावच आठवतं. 12 नोव्हेंबर 1762. सतरा वर्षांचे माधवराव निजामाची मदत घेऊन आलेल्या काकांपुढे, राघोबादादांपुढे, लढाई थांबवतात आणि स्वतःहून त्यांच्या छावणीत जातात. पानिपताला दोन वर्षंही झालेली नाहीत. घर फुटलं तर दौलत बुडेल, हे त्यांना कळतं. राघोबादादांवर विश्वास होता म्हणून ते गेले नाहीत. मनात संशय होता, तरी गेले. मला त्यांचं मोठेपण राक्षसभुवनच्या विजयापेक्षा आळेगावला दिसतं.

पण त्याची किंमत इथून पाच कोसांवर मोजली जाते आहे. मिरजेचे गोपाळराव पटवर्धन पुतण्याच्या बाजूचे, म्हणून दादांचा राग मिरजेवर. मिरज पडते. गोपाळराव निजामाला मिळतात. त्यांना फितूर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्याच्यासाठी निष्ठा राखली, तोच धनी कैदेत असल्यासारखा. मग माणसानं कुणाच्या तोंडाकडे पाहायचं?

म्हातारा होडीत सुकं गवत अंथरतो. तुम्हाला सांगावंसं वाटतं, की 10 ऑगस्टला राक्षसभुवनावर काका-पुतणे एकाच बाजूनं निजामाशी लढतील, आणि 1768 साली धोडपला पुन्हा समोरासमोर येतील. काका हरतील. पुतण्या त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवील, पण त्यांचा जीव घेणार नाही. तुम्ही काही बोलत नाही. मिरजेच्या कृष्णाघाटावरून उतरलेलं पाणी तुमच्या पायांवरून वाहत राहतं.

डोळे उघडा. मिरज पटवर्धनांना परत मिळाली, आणि 1948 साली संस्थानं विलीन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली.