टेबल वाइन, पण मुरलेली

आजच्या भागात एकच वाइन: दक्षिण फ्रान्समधली 'मास द दोमा गासाक'.

लांगदोक म्हणजे तेव्हा स्वस्त वाइनचा मुलूख. १९७०च्या सुमारास एमे गिबेर या हातमोज्यांच्या उद्योजकाने आनियान गावाजवळ जुनं शेतघर घेतलं. बोर्दोचे प्राध्यापक आंरी आंजाल्बेर यांनी माती पाहून सांगितलं, इथे थोर वाइन होईल. गिबेरनी मुख्यतः काबर्ने सोविन्यों लावली. १९७८च्या पहिल्या वाइनला सल्ला होता एमिल पेनो यांचा, म्हणजे बोर्दोतलं मोठं नाव. पण ही द्राक्षं स्थानिक नियमांत बसेनात. मग लेबलवर काय? साधी 'टेबल वाइन'!

काबर्ने कोवळी असताना तुरट लागते, कारण टॅनिन. लोणच्यासारखी तीही मुरावी लागते. वर्षं जातात तसं टॅनिन एकमेकांना चिकटतं, काही गाळ होऊन तळाशी बसतं. तुरटपणा उतरतो, जांभळा रंग विटकरी होतो. म्हणजे या वाइनची लायकी लेबलने नाही, काळाने ठरवली.

पुढे २०००मध्ये कॅलिफोर्नियाची मोंडावी कंपनी त्याच गावात आली. डोंगरावरचं रान तोडून मळा करायचा बेत. गिबेर विरोधात उभे राहिले. २००१च्या निवडणुकीत कंपनीच्या बाजूचे महापौर पडले, कंपनी परतली.

आता खरा प्रश्न. गिबेरचे मळेही रानातल्या मोकळ्या तुकड्यांतच आहेत. मग त्यांनी रान वाचवलं की आपली मक्तेदारी? मला वाटतं, दोन्ही. तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा.