रेल्वे प्रतिकृतींचा छंद

रेल्वे प्रतिकृतींचा छंद : खऱ्या लोहमार्गावरील रूळ, एंजिने, डबे, स्थानके व भोवतालचा परिसर ठराविक प्रमाणात लहान करून त्यांची चालती मांडणी उभारण्याचा आणि तीत सतत सुधारणा करीत राहण्याचा छंद. खेळण्यातील आगगाडी आणि प्रतिकृती यांतील मुख्य भेद प्रमाणबद्धतेचा आहे. खेळण्यातील गाडी धावली, की तिचा हेतू साधतो; प्रतिकृती मात्र विशिष्ट मार्गावरील व विशिष्ट काळातील गाडीशी जुळावी लागते. त्यामुळे चांगली मांडणी ही करमणुकीबरोबरच एका लोहमार्गाची नोंदही ठरते. मूळ मार्ग बदलला वा नाहीसा झाला, की या नोंदीचे मोल वाढते.

इतिहास : एकोणिसाव्या शतकात यूरोपात पत्र्याच्या खेळण्यातील आगगाड्या होऊ लागल्या. त्या किल्लीवर किंवा स्पिरिटच्या दिव्याने तापविलेल्या लहानशा बाष्पित्रावर चालत. परंतु एका कारखान्याची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर सहसा बसत नसे. १८९१ मध्ये मेर्क्लिन या जर्मन उत्पादकांनी लाइपसिकच्या जत्रेत ठराविक मापांचे व जोडून वाढविता येणारे रूळ मांडले. पुढे हळूहळू भर घालीत मांडणी विस्तारण्याची जी पद्धत रूढ झाली, तिचे मूळ यात आहे. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांच्या किल्लीच्या गाड्या १९२० मध्ये बाजारात आल्या. १९३५ मध्ये जर्मनीत मेजावर मावतील अशा लहान विजेच्या गाड्या निघाल्या व हा छंद मध्यमवर्गीय घरांत शिरला. त्याच वर्षी अमेरिकेत छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. निरनिराळ्या उत्पादकांची वाहने एकाच मार्गावर चालावीत म्हणून चाके व रूळ यांची प्रमाणित मापे ठरविणे, हे तिचे महत्त्वाचे कार्य होय.

प्रमाण व मापे : जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या एचओ या प्रमाणात मूळ वस्तू ८७ पटींनी लहान केली जाते व रुळांमधील अंतर १६·५ मिमी. असते. हे अंतर १,४३५ मिमी. च्या यूरोपीय मार्गाशी जुळते. भारतातील रुंदमापी मार्ग १,६७६ मिमी. चा असल्याने त्याची खरी प्रतिकृती सु. १९·३ मिमी. ची भरते, म्हणजे तयार रुळांवर भारतीय गाडी चालविल्यास मार्ग सु. १४ टक्के अरुंद दिसतो. ही उणीव पत्करावयाची की रूळ हाताने घडवावयाचे, हा भारतीय छांदिष्टापुढील पहिला प्रश्न होय. मीटरमापी मार्ग याच प्रमाणात सु. ११·५ मिमी. चा होतो. स्विस पर्वतीय मार्गांच्या प्रतिकृतींसाठी १२ मिमी. चे रूळ मिळतात, ते त्याला पुष्कळ जवळचे आहेत.

भारतातील कार्य : महाराष्ट्रातील या छंदाचे ठळक उदाहरण म्हणजे पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय. ते १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. रूळ, सिग्नल, उड्डाणपूल, दिव्यांचे खांब आणि वस्ती यांनी युक्त अशी एक छोटी नगरीच तेथे मांडलेली असून तीतून निरनिराळ्या प्रकारच्या गाड्या धावतात. एका व्यक्तीच्या आवडीचे रूपांतर सार्वजनिक संस्थेत कसे होते, हे तेथे पाहावयास मिळते.

मराठवाड्यातील मीटरमापी मार्ग : छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे आगगाडी आली ती निजामाच्या राज्यातील हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेमुळे. मनमाडहून औरंगाबाद, जालना व परभणी यांवरून हैदराबादकडे जाणारा हा मीटरमापी मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. मनमाडला रुंदमापी मार्ग भेटत असल्यामुळे उतारूंना तेथे गाडी बदलावी लागे व माल एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. १९९० नंतरच्या दशकात मनमाड–औरंगाबाद–परभणी मार्ग रुंदमापी झाला. प्रवास सुकर झाला. मात्र मीटरमापी एंजिने, अरुंद डबे आणि मनमाडची ती देवघेव दृष्टीआड झाली. अशा मार्गाचे आराखडे व छायाचित्रे मिळविणे, जुन्या कर्मचाऱ्यांकडून माहिती टिपून घेणे आणि त्यावरून मांडणी रचणे हे छांदिष्टाचे खरे संशोधन होय.

मांडणीच्या मर्यादा येथेच कळतात. एक किमी. अंतर एचओ प्रमाणात सु. ११·५ मी. होते, तर ३०० मी. त्रिज्येचे वळण सु. ३·४५ मी. त्रिज्येचे होते. दौलताबादची सु. २०० मी. उंचीची टेकडी २·३ मी. ची होऊन छताला भिडू पाहते. म्हणून अंतरे आखडून स्थानक, सांधे, पाण्याची टाकी यांसारख्या ओळखीच्या खुणा तेवढ्या ठेवतात आणि किल्ला मागील पडद्यावर रंगवितात. काय ठेवावे व काय गाळावे, यातच रचनाकाराची जाण दिसते.

उभारणी व सुधारणा : लाकडी चौकटीवर प्लायवुड बसवून त्यावर रूळ मांडतात. तापमानातील व हवेच्या दमटपणातील फरकाने धातू आणि लाकूड कमी-अधिक प्रमाणात प्रसरण पावत असल्यामुळे रुळांच्या जोडांत किंचित फट ठेवणे आवश्यक असते. एंजिनाला रुळांतून सामान्यतः १२ व्होल्टचा एकदिश विद्युत् प्रवाह मिळतो. धुळीने तो खंडित होत असल्याने रूळ व चाके वारंवार पुसावी लागतात. जुन्या पद्धतीत मार्गाच्या एका विभागातील सर्व एंजिने एकाच वेळी चालत. १९९० नंतर प्रसार पावलेल्या अंकीय नियंत्रणात प्रत्येक एंजिनाला स्वतंत्र आज्ञा देता येते. प्रथम रूळ व सांधे निर्दोष करावेत, नंतर वीजजोडणी व शेवटी देखावा, असा सुधारणेचा क्रम श्रेयस्कर असतो. कारण सजावटीखाली दडलेला दोष शोधण्यासाठी केलेले काम पुन्हा उखडावे लागते.

अशी मांडणी क्वचितच पूर्ण होते. नवी माहिती हाती आली, की जुने काम दुरुस्त करावे लागते. मराठवाड्यातील मीटरमापी मार्गासारखा मार्ग लोकांच्या स्मरणातून पुसट होत असताना त्याची मापे व रोजची कामाची पद्धत पुढच्या पिढीपर्यंत पोहोचविण्याचे एक साधन म्हणून या छंदाला सांस्कृतिक महत्त्व आहे.