कापसाचे परराष्ट्रकारण

परराष्ट्र धोरण हा राजधानीतील मुत्सद्द्यांचा विषय, अशी आपली समजूत असते. कापूस पिकविणाऱ्या मुलखाला मात्र ही समजूत परवडणारी नाही, असे मला वाटते. बाभुळगावच्या कास्तकाराच्या कापसाला काय भाव यावा, हे ज्या घडामोडींनी ठरते त्या पुष्कळदा सातासमुद्रापलीकडे घडत असतात. आणि त्यांचा इतिहास पाहू गेल्यास आपले सोयरे आफ्रिकेत सापडतात.

पहिला सोयरा मिसर देश. इंग्रजी अंमलाखालील फौजेच्या खर्चाची थकबाकी फेडता येईना, म्हणून निजामाने १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. आठच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडकून पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे व मिसरकडे वळली. भाव कडाडले. मिसरचा अधिपती इस्माईल १८६३ साली गादीवर आला. त्याने चढत्या भावाच्या भरवशावर युरोपातील सावकारांकडून कर्जे उचलली. कालवे, लोहमार्ग, राजवाडे उभारले. १८६५ साली युद्ध संपले, भाव उतरले. कर्ज मात्र उतरले नाही. १८७५ साली सुएझ कालव्यातील आपले भाग त्याला सुमारे ४० लाख पौंडांस इंग्लंडला विकावे लागले, पुढच्याच वर्षी दिवाळे निघाले आणि १८८२ साली इंग्रजांच्या फौजेने देश व्यापला. वऱ्हाड आधी कर्जात गेले व मग परक्यांच्या कापसाचे कोठार झाले. मिसर आधी कापसाने श्रीमंत झाला व मग कर्जात गेला. शेवट दोघांचा सारखाच.

दुसरे सोयरे बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड हे चार देश. १९६० साली ते फ्रान्सच्या अमलातून मुक्त झाले. मालीत सरकारी कंपनी ठरल्या दराने शेतकऱ्यांचा कापूस विकत घेई. आपल्याकडे १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेची येथे कोणालाही आठवण होईल. पण दर जाहीर करणारे सरकार जगाच्या बाजाराला दर सांगू शकत नाही, हा अनुभव दोन्हीकडे आला. ऑक्सफॅम या संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २००१-०२ साली अमेरिकेने आपल्या सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांना ३.९ अब्ज डॉलरांचे साहाय्य दिले. बुर्किना फासोचे संपूर्ण वार्षिक उत्पन्नही एवढे नव्हते.

१० जून २००३ रोजी बुर्किनाचे अध्यक्ष ब्लेझ कोंपाओरे जिनीव्हात जागतिक व्यापार संघटनेपुढे उभे राहिले. हे गृहस्थ लोकशाहीचे पुतळे नव्हते. १९८७ साली बंडाने ते सत्तेवर आले आणि २०१४ साली लोकांनीच त्यांना घालविले. तरीही त्या दिवशी त्यांनी मांडलेले म्हणणे न्यायाचे होते: आम्हांला दान नको, खुल्या बाजाराचे जे नियम आम्हांला शिकविता, ते तुम्हीही पाळा. त्याच वर्षी सप्टेंबरात कानकुन येथील परिषदेच्या मसुद्यात उत्तर आले, त्याचा मथितार्थ असा, की कापसाखेरीज दुसरे काही पाहा. हा उपदेश विदर्भातील शेतकऱ्याने किती वेळा ऐकला आहे!

ब्राझीलने मात्र खटला भरला. बेनिन व चाड त्यात तिऱ्हाईत पक्ष म्हणून सामील झाले. ब्राझील जिंकला, आणि अमेरिकन मालावर जकात लादण्याची धमकी देण्याइतका मोठा असल्याने २०१४ च्या तडजोडीत त्याला ३० कोटी डॉलर मिळाले. चार देशांच्या हाती त्यातले काही आले नाही. न्याय आपल्या बाजूस असणे ही एक गोष्ट; तो वसूल करण्याचे बळ असणे ही दुसरी.

आपली अडचण आणखी निराळी. त्या चार देशांत कापूस हाच मोठा आधार, म्हणून त्यांचे राज्यकर्ते कापसासाठी भांडतात. आपल्या सरकारपुढे कापूस पिकविणारा आणि विकत घेणारा गिरणीवाला असे दोघेही उभे असतात. २०२५ च्या ऑगस्टात परदेशी कापसावरील ११ टक्के आयात शुल्क उठले, आणि ती सूट डिसेंबरअखेर, म्हणजे नेमकी आपल्या वेचणीच्या दिवसांत, चालू राहिली. गिरणीवाल्यांचे म्हणणे दिल्लीस पोहोचले होते. कास्तकाराचे पोहोचवावयाचे, तर जिनीव्हातील करार वाचणारी माणसे बाभुळगावातच तयार व्हावी लागतील. हे काम शाळांचे आहे, आणि ते अजून सुरू व्हावयाचे आहे.