घड्याळ नसलेला खेळ

"डार्ट्सचा सामना किती वेळ चालतो हो?" असं कुणी विचारलं की मी हमखास उलट विचारतो, "कोणता सामना?" चुकवाचुकवी नाही ही. या खेळाला घड्याळच नाही. दोघांनी ५०१ वरून उतरत बरोबर शून्यावर यायचं, आणि शेवटचा बाण बोर्डाच्या कडेच्या बारीकशा 'डबल'मध्ये किंवा मधोमध बुलमध्येच लागला पाहिजे. कॅरममध्ये राणी घेऊन भागत नाही, कव्हर लागतं, तसंच काहीसं.

हा झाला एक 'लेग'. तो कमीत कमी नऊ बाणांत संपतो. टीव्हीवर ते पहिल्यांदा जॉन लोने १९८४ साली करून दाखवलं. एरवी पट्टीच्या खेळाडूला पंधरा-सोळा बाण लागतात, म्हणजे दोन-तीन मिनिटं. मग काय, लेग मोजा आणि गुणा! पण गंमत इथेच आहे.

१९७८ साली नॉटिंगहॅमला पहिली जागतिक स्पर्धा झाली. लेटन रीसने लोला ११-७ हरवलं. सरळ अठरा लेग. पुढच्याच वर्षी सेट आले. सेट संपला की आधीचे लेग पुसले जातात, मागे पडलेल्याला पुन्हा कोरी पाटी मिळते. आज पीडीसीच्या जागतिक अंतिम सामन्यात सात सेट जिंकावे लागतात, एका सेटला तीन लेग. शेवटच्या सेटमध्ये दोन लेगची आघाडी हवी, ५-५ झालं तर एक निर्णायक लेग. कागदावर मांडून बघा: कमीत कमी २१ लेग, जास्तीत जास्त ७१! म्हणजे तासाभरात आटोपेल किंवा दोन तासांच्याही पुढे जाईल.

२००७ साली पर्फ्लीटच्या सर्कस टॅव्हर्नमध्ये फिल टेलर ३-० ने पुढे होता. रेमंड व्हॅन बार्नेव्हेल्डने तो सामना पार त्या निर्णायक लेगपर्यंत ताणला आणि ७-६ असा जिंकला. दोनच वर्षांनी तेच दोघे पुन्हा समोरासमोर. या खेपेला टेलरची सरासरी ११०.९४, निकाल ७-१. माणसं तीच, नियम तेच, वेळ मात्र वेगळीच.

आणि कधी वेळ हातातच अडकते. पाच वेळा जगज्जेता झालेल्या एरिक ब्रिस्टोला ऐंशीच्या दशकात 'डार्टायटिस' झाला. नेम माहीत, हात तयार, पण बाण बोटांतून सुटेना. नंतरही तो अंतिम फेऱ्या गाठत राहिला, पण जागतिक विजेतेपद काही परत आलं नाही. त्या एका बाणाला किती वेळ लागला, ते कुठल्या हिशोबात धरायचं?

म्हणून मला वाटतं, 'किती वेळ' याचं खरं उत्तर मिनिटांत नाहीच. पाचशे गुण भराभर उतरतात, माणूस थांबतो तो शेवटच्या डबलपाशी. आपलीही बरीच कामं तिथेच अडलेली असतात, नाही का?

असो.